‘प्रवासी एका बाजूला गेले’

बोट उलटल्याची बातमी आली की तिच्यात एक वाक्य बहुतेक वेळा असतंच: घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, तोल गेला आणि बोट उलटली. वाचणारा मान हलवतो, ‘लोकांना शिस्त नाही’ म्हणतो आणि पान उलटतो. हे वाक्य इतक्या सहजपणे लिहिलं जाऊ नये असं मला फार मनापासून वाटतं. ते खोटं नसतं. माणसं खरंच एका बाजूला गेलेली असतात. पण साखळीतला सगळ्यात शेवटचा दुवा उचलून ते पहिल्या जागी ठेवतं, आणि जे बुडाले त्यांच्याच माथी दोष मारतं.

बडोद्याला समुद्र नाही. तरी बोट उलटणं म्हणजे काय, हे या शहराने दोनदा पाहिलं आहे. १९९३ च्या ऑगस्टमध्ये भर शहरातल्या सूरसागरात बोट उलटून २२ माणसं गेली. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तळ्यात शाळेच्या सहलीतली १२ मुलं आणि त्यांच्या २ शिक्षिका बुडाल्या. दोन्ही वेळा पाणी तळ्याचं होतं, ना लाट ना वादळ, आणि काठ हाकेच्या अंतरावर. दोन्ही वेळा बोटीत तिच्या क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. म्हणून हा विषय समुद्रावर जाणाऱ्यांपुरता आहे असं इथे कोणी म्हणू नये.

प्रवासी जहाजाच्या स्थैर्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांत एक हिशेब सक्तीचा आहे. जहाजावरचे सगळे प्रवासी जमतील तेवढे एका बाजूला दाटीने उभे आहेत असं धरायचं. माणशी ७५ किलो, एका चौरस मीटरला ४ माणसं, आणि उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य डेकपासून १ मीटर उंचीवर. एवढं सगळं वजन एका अंगाला आलं तरी जहाज १० अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. जोराचं वळण घेताना जे कलणं होतं त्यालाही हीच १० अंशांची मर्यादा.

म्हणजे माणसं एका बाजूला जाणार हे नियम लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलं आहे. डॉल्फिन दिसला की जाणार, धक्का जवळ आला की जाणार, किनाऱ्यावर देऊळ दिसलं की हात जोडायला जाणार, भीती वाटली की जाणार. माणसाचा स्वभाव हिशेबात घेऊन जहाज बांधायचं असतं. त्यामुळे प्रवासी बाजूला गेल्याने जे जहाज उलटलं, त्याच्यात ते धक्क्यावरून सुटण्याआधीच काहीतरी चुकलेलं होतं.

काय चुकतं ते कळायला बोट सरळ का राहते हे आधी पाहावं लागतं. बोटीवर दोन जोर काम करतात. वजन खाली ओढतं, ते गुरुत्वमध्यातून. पाणी वर उचलतं, ते बुडालेल्या भागाच्या मध्यातून. बोट उजवीकडे कलली की उजवीकडचा जास्त भाग पाण्यात जातो, म्हणून पाण्याची उचल उजवीकडे सरकते. वजन मात्र जिथे होतं तिथेच राहतं. आता बाहेरच्या अंगाने वर उचलणारा जोर आणि मधून खाली ओढणारा जोर अशी जोडी तयार होते आणि ती बोटीला परत सरळ करते. उचलीची ही सरकलेली रेषा बोटीच्या मध्यरेषेला वर जिथे छेदते, त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य त्याच्या खाली जितका असेल तेवढी बोटीची सरळ व्हायची ताकद. या अंतराला जहाजावरचे लोक जीएम म्हणतात. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या वर गेला की तीच जोडी उलटी होते आणि बोटीला सरळ करायच्या ऐवजी आणखी लोटते.

म्हणून जहाजाच्या तळाशी वजन हवं. जुन्या शिडाच्या गलबतांत दगड-वाळू भरत, त्याला मराठीत नीरम असा शब्द आहे. आजच्या जहाजांत टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरतात, तेच बॅलास्ट. आणि म्हणून वरच्या मजल्यावरची गर्दी खालच्या मजल्यावरच्या गर्दीपेक्षा कितीतरी महाग पडते.

आकड्यांतच पाहू. एक साधी होडी घ्या, ८ मीटर लांब, ३ मीटर रुंद. २० माणसांसह एकूण वजन ६ टन, कड पाण्यापासून ६० सेंटिमीटर वर, जीएम पाऊण मीटर. ती २० माणसं, म्हणजे दीड टन वजन, प्रत्येकी सरासरी अर्धा मीटर एका बाजूला सरकली, तर होडी साधारण साडेनऊ अंश कलेल. ३ मीटर रुंदीच्या होडीत याचा अर्थ एक कड २५ सेंटिमीटर खाली गेली. अजून ३५ सेंटिमीटर शिल्लक आहेत. माणसं ओरडतील, पण होडी उभी राहील.

आता त्याच होडीत ४० माणसं बसवा. वजन साडेसात टन झालं. होडी आणखी आठेक सेंटिमीटर पाण्यात बसली, कड उरली ५२ सेंटिमीटरवर. बाकांवर जागा नाही म्हणून निम्मी उभी, त्यामुळे गुरुत्वमध्य वर सरकला आणि जीएम ४५ सेंटिमीटरवर आला असं धरू. आता ही माणसं तेवढीच, अर्धा मीटर, सरकली. ना धावली, ना कोणी कोणाला ढकललं. होडी २४ अंश कलते, कड ६७ सेंटिमीटर खाली जाते, आणि कड तर ५२ वरच होती. पाणी आत आलं. माणसं दुप्पट, पण कलणं अडीचपट, कारण वजन वाढताना ताकद त्याच वेळी कमी होत गेली. दोन्ही होड्यांतली माणसं सारखीच वागली आहेत.

म्हणून चौकशीत पहिला प्रश्न ‘लोक का धावले’ हा असू नये. किती जण चढवले, कुठे बसवले, कड पाण्यापासून किती वर होती, हे आधी विचारावं.

अलिबाग, पेण, रोहा या बाजूंनी पिढ्यांपूर्वी येऊन स्थायिक झालेली घरं बडोद्यात बरीच आहेत, आणि त्या घरांत ‘रामदास’ बोटीचं नाव अजून निघतं. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येच्या आसपासचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट. ६०० हून अधिक माणसं गेली. मोठी लाट बसली, बोट कलली, प्रवासी दुसऱ्या बाजूला झेपावले आणि बोट उलटली, असं सांगितलं जातं. ‘झेपावले’ या शब्दापाशी थांबायला हवं. भर पावसाळा, अमावास्येचं उधाण, गच्च भरलेली बोट. ओला डेक १५ अंश कलला की माणूस झेपावत नाही, तो घसरतो. एकाच्या अंगावर दुसरा, दोघांच्या अंगावर सामान. बाहेरून पाहणाऱ्याला ते धावणं वाटतं.

जहाजाचं पोट किती भरलं हे डोळ्यांनी दिसतं, पण ते वरजड झालं आहे हे दिसत नाही. स्वीडनची ‘वासा’ ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीत, जेमतेम १,३०० मीटर जाऊन, स्टॉकहोमच्या बंदरातच बुडाली. निघण्याआधी तिची परीक्षा झाली होती. ३० माणसांना डेकवर या बाजूपासून त्या बाजूपर्यंत पळायला लावलं. तीन फेऱ्यांत जहाज इतकं डोलू लागलं की परीक्षा थांबवावी लागली. आणि तरी ते निघालं! माणसांना पळवून जहाज तपासायचं, ही पद्धत मुळात बरोबर होती. जे उत्तर मिळालं ते कोणी ऐकलं नाही. आज हीच परीक्षा सभ्य रूपात होते. ठरावीक वजनं डेकवर ठरावीक अंतर सरकवतात, लांब दोरीला टांगलेला ओळंबा किती हलला ते मोजतात आणि त्यावरून जीएम काढतात. गवंड्याचा ओळंबा तो हाच.

शिकागोच्या ‘ईस्टलँड’ची गोष्ट याहून बोचणारी आहे. २४ जुलै १९१५ च्या सकाळी एका कारखान्याचे कामगार घरच्यांसह सहलीला निघाले होते. जहाज नदीत धक्क्याला बांधलेलंच होतं, पाणी जेमतेम ६ मीटर खोल. ते तिथेच एका अंगावर आडवं झालं आणि ८४४ माणसं गेली. टायटॅनिक बुडाल्यानंतर सगळीकडे जीवरक्षक होड्या वाढवायचा आग्रह सुरू झाला होता. या जहाजावरही त्या चढवल्या, आणि त्या अर्थातच सगळ्यात वरच्या मजल्यावर. आधीच वरजड असलेलं जहाज वाचवायच्या साधनांनीच आणखी वरजड झालं. उलटण्याआधी ते या बाजूला, त्या बाजूला असं बराच वेळ सावकाश कलत होतं, आणि पुष्कळ प्रवाशांनी ते गमतीत घेतलं.

त्यांना हसायचं कारण नाही. सावकाश डोलणं माणसाला सुखाचंच वाटतं. बडोद्यातल्या घरोघरी हिंचका, म्हणजे झोपाळा, असतो. लांब कड्यांचा हिंचका संथ जातो-येतो, त्यावर डोळा लागतो. आखूड कड्यांचा झटके देतो. जहाजाचंही असंच काहीसं आहे. जीएम भरपूर असेल तर ते झटक्याने सरळ होतं, भांडी पडतात, माणसं हैराण होतात. जीएम कमी असेल तर लांबलचक, मऊ हेलकावा येतो. ढोबळ हिशेब असा: जहाजाच्या रुंदीचे मीटर घ्या, त्याला ०.८ ने गुणा आणि जीएमच्या वर्गमुळाने भागा. उत्तर येतं ते एका पूर्ण हेलकाव्याचे सेकंद. २० मीटर रुंदीचं जहाज जीएम ४ मीटर असताना ८ सेकंदांत एक हेलकावा पूर्ण करतं, १ मीटर असताना १६ सेकंदांत, पाव मीटर असताना ३२ सेकंदांत. म्हणजे जे डोलणं घाबरवतं ते बहुधा सुरक्षित, आणि जे झोप आणतं त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं.

मोठी प्रवासी जहाजं आरामासाठी मुद्दाम संथ डोलणारी बांधतात, त्यामुळे नुसतं संथपण म्हणजे धोका नव्हे. बघायचा तो बदल. त्याच जहाजाचा हेलकावा तासाभरापूर्वीपेक्षा लांबला आहे का? टोकाला जाऊन ते थबकतं आहे का? दोन्ही बाजूंना सारखं जाऊन परत येतं आहे, की एका बाजूलाच मुक्काम करू लागलं आहे? घड्याळ सगळ्यांच्या मनगटावर किंवा खिशात असतं. खोलीतला पडदा किंवा हुकाला अडकवलेली पिशवी हा ओळंबाच आहे. ती भिंतीपासून सुटून एकाच बाजूला राहिली तर ते हेलकावणं नव्हे, ते कलणं. अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवली तरी कळतं. अंदाजावर मात्र विसंबू नये, कारण कलणं माणसाला असतं त्यापेक्षा जास्तच वाटतं.

कलण्यामागचं सगळ्यात कपटी कारण म्हणजे आत शिरलेलं, मोकळं फिरणारं पाणी. हे स्वयंपाकघरात करून पाहण्यासारखं आहे. परातीत तळ झाकेल एवढंच पाणी घ्या आणि ती दोन्ही हातांवर धरून चाला. जरा कलली की सगळं पाणी त्या काठाला धावतं, आणि जिकडे कललं तिकडेच आणखी ओढतं. तेवढंच पाणी तांब्यात घ्या, काही होत नाही. पाण्याचं वजन तेच, रुंदी वेगळी. मोकळ्या पाण्याचा हा उपद्रव रुंदीच्या घनाने वाढतो. म्हणून टाकीत मधोमध उभा पडदा घातला की तो चौथ्या हिश्श्यावर येतो, दोन पडदे घालून तीन भाग केले की नवव्या हिश्श्यावर.

गाड्या नेणाऱ्या फेरीबोटींची दुखती जागा हीच. गाड्यांचा मजला या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असतो, मध्ये पडदे घालता येत नाहीत. तो मजला म्हणजे परात. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुगे बंदराबाहेर ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी पुढचा दरवाजा उघडा ठेवूनच निघाली. पाणी गाड्यांच्या मजल्यावर शिरलं आणि ती साधारण दीड मिनिटात आडवी झाली. १९३ माणसं गेली. २००६ च्या फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात इजिप्तच्या ‘अल-सलाम बोकाचियो ९८’ या फेरीला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी मजल्यावर साचलं, निचऱ्याची भोकं तुंबलेली, आणि त्याच पाण्याने फेरी उलटली. हजाराहून जास्त माणसं गेली. निचऱ्याचं भोक, त्यात अडकलेला कचरा आणि हजार माणसं. अशा ठिकाणी वाचता वाचता थांबावंसं वाटतं.

जीएम शून्याच्या खाली गेला तरी प्रत्येक वेळी जहाज लगेच उलटत नाही. कधी ते एका बाजूला कलतं आणि त्या कोनात टेकून राहतं, कारण तिथे बुडालेला भाग वाढल्यामुळे थोडी उचल परत मिळते. लाटेने ढकललं तर तेवढ्याच कोनात दुसऱ्या बाजूला जाऊन टेकतं. इथे माणसाची सहजबुद्धी घात करते. डावीकडे कललं आहे ना, मग उजवीकडच्या टाकीत पाणी भरा, उजवीकडे माणसं पाठवा! तसं केलं की जहाज मध्यावर येतं आणि तिथे टेकायला काहीच नसल्यामुळे जोराने पलीकडे कोसळतं, पहिल्यापेक्षा जास्त कोनात. बरोबर उपाय उफराटा वाटतो. आधी वजन खाली आणायचं, तळाच्या टाक्या भरायच्या, एका वेळी एकच, आणि तीही कललेल्या बाजूची आधी. सुरुवातीला जहाज आणखी कलतं, मोकळ्या पाण्याने आणखी बिघडतं, आणि टाकी काठोकाठ भरल्यावर सुधारू लागतं. तेवढा वेळ धीर धरणारा अधिकारी लागतो. आणि डेकवरच्या प्रवाशाला कललेलं जहाज पाहून ते नुसत्या एकांगी वजनाने कललं आहे की जीएम गेल्याने, हे कधीच कळू शकत नाही. म्हणून ‘सगळे त्या बाजूला व्हा’ अशी आरोळी प्रवाशांनी आपापसांत ठोकायची नसते.

आता प्रवाशांच्या वागण्याकडे येतो. ‘पळापळ’ या एका शब्दाने ज्याची बोळवण होते ते खरोखर कसं असतं, याच्या नोंदी मोठ्या अपघातांच्या चौकशांत आहेत. त्या वाचल्या की आरडाओरड्यापेक्षा शांतताच जास्त दिसते, आणि तीच जास्त जीवघेणी ठरलेली असते.

२८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’ या फेरीच्या पुढच्या टोकाचं झाकण लाटांनी तुटून गेलं. रात्री सव्वा वाजता पाणी शिरायला लागलं, दोनच्या आत जहाज दिसेनासं झालं. ९८९ पैकी १३७ वाचले. पहिल्या काही मिनिटांत जे अंथरुणातून उठून बाहेर पडले त्यांनाच जिना चढता आला. पुढे कोन इतका वाढला की आडवे बोळ विहिरीसारखे झाले. काही माणसं कठडा धरून नुसती उभी होती, कोणी हाक मारली तरी हलत नव्हती. भीतीने माणूस धावतो तसा गोठतोही.

आणि ‘सेवोल’. १६ एप्रिल २०१४, दक्षिण कोरिया. जहाजावर वरच्या मजल्यांवर खोल्या वाढवलेल्या, माल परवानगीच्या दुपटीहून जास्त, आणि तो सामावावा म्हणून तळाचं बॅलास्ट कमी केलेलं. एका वळणात ते कललं, नीट न बांधलेला माल एका बाजूला घसरला, आणि ते पुन्हा सरळ झालं नाही. ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा सांगितलं जात होतं, आहात तिथेच थांबा. सहलीला निघालेली शाळेची मुलं थांबली. ३०४ जण गेले, त्यांत २५० विद्यार्थी. या मुलांवर शिस्त नसल्याचा आरोप कोणी करू शकणार नाही. बडोद्यात बसून हे लिहिताना हरणीची मुलं डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’, १३ जानेवारी २०१२. इटलीच्या जील्यो बेटाजवळ खडकावर घासून जहाजाची डावी कूस फाटली, आणि जहाज सोडायचा हुकूम यायला तासाहून अधिक वेळ गेला. तोवर ते उजवीकडे इतकं कललं की डाव्या, म्हणजे वर गेलेल्या, बाजूच्या होड्या खाली सोडताना जहाजाच्या अंगाला घासू लागल्या. जीवरक्षक होड्या २० अंशांपर्यंतच्या कलण्यात सोडता आल्या पाहिजेत असा नियम आहे. त्यापुढे वरच्या बाजूची होडी कुशीवर आपटते, खालच्या बाजूची जहाजापासून दूर लोंबकळते आणि मधली फट ओलांडता येत नाही. ३२ जण गेले. त्या दिवशी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांचा जहाज सोडण्याचा सराव झाला नव्हता, कारण तो चढल्यावर २४ तासांत घ्यायची सवलत तेव्हाच्या नियमात होती. आता तो निघण्याआधी किंवा निघताक्षणीच करावा लागतो.

या सगळ्यातून प्रवाशासाठी जे निघतं त्यात एक अडचण आहे, आणि ती नीट सांगितली जात नाही. उघड्या लहान होडीचा नियम आणि बंदिस्त मोठ्या जहाजाचा नियम एकमेकांच्या उलट आहेत.

होडीत हलायचं नाही. कलली की आहात तिथे खाली बसायचं, जमलं तर बाकावरून उतरून तळावरच. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य तळापासून १ मीटरवर, बसलेल्याचा बाकाच्या ३० सेंटिमीटर वर. आधीच्या हिशेबातल्या ४० माणसांच्या होडीत सगळे उभे असण्याऐवजी सगळे बसले तर जीएम साधारण १२ सेंटिमीटरने सुधारतो. अशा होडीत १२ सेंटिमीटर म्हणजे पुष्कळ झाले.

मोठ्या जहाजात मात्र खोलीत बसून राहायचं नाही. सात आखूड आणि एक लांब भोंगा ही गोळा होण्याची खूण. पण जहाज एका बाजूला टेकलं आहे आणि परत येत नाही असं दिसलं, तर भोंग्याआधीच अंगावर गरम कपडे आणि जॅकेट चढवून वरच्या उघड्या डेककडे निघणं शहाणपणाचं. १० अंशांवर चालता येतं, २० वर भिंत धरावी लागते, ३० वर ओल्या फरशीवर पाय ठरत नाही. सामान घ्यायला परत खाली जाणं म्हणजे या मोजक्या मिनिटांची उधळपट्टी.

प्रत्येक कलणं बुडवतंच असं नाही, हेही सांगायला हवं. १८ जुलै २००६ ला फ्लोरिडाजवळ ‘क्राउन प्रिन्सेस’ हे जहाज सुकाणूच्या चुकीच्या हुकुमांमुळे २४ अंश कललं आणि पुन्हा सरळ झालं. कोणी बुडालं नाही, पण जवळजवळ ३०० जण जखमी झाले, घसरून, आणि घसरत आलेल्या टेबलखुर्च्या लागून. जमिनीला पक्की बसवलेली वस्तू धरायची आणि मोकळ्या जड वस्तूच्या खालच्या बाजूला उभं राहायचं नाही, एवढंच अशा वेळी हाती असतं.

जॅकेटबद्दल थोडं. मुलाला मोठ्याचं जॅकेट चालत नाही. पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. १५ किलोच्या आतलं बाळ, १५ ते ४३ किलोचं मूल आणि त्यावरचा मोठा माणूस, अशी तीन मापं असतात. पट्टे काखेखालून आवळलेले हवेत, मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. साडी असेल तर पदर आधी कमरेला घट्ट खोचून मग जॅकेट, पदरावर सैल अडकवलेलं नव्हे. जॅकेट बाकाखाली गठ्ठ्याने बांधून ठेवलेली असतील तर ती नसल्यातच जमा.

बडोद्याहून पाण्यावर जाणारे मराठी लोक कुठे जातात? सुरतेकडून भावनगरला जाताना हजीरा-घोघा फेरीने. तिथे गाडी हँडब्रेक लावून, गिअरमध्ये ठेवून वर जायचं, गाडीत बसून राहायचं नाही. तो मजला कोणता, हे आता वेगळं सांगायला नको. द्वारकेला जाणारे पूर्वी ओख्याहून बेट द्वारकेला होडीने जात. ओखा बंदर बडोदा संस्थानानेच उभारलेलं. २५ फेब्रुवारी २०२४ पासून सुदर्शन सेतू झाला आणि ती दाटीवाटी उरली नाही, हे फार चांगलं झालं. चांदोदला संगमावर होडीत बसणारे तर घरटी असतील.

आणि नर्मदा परिक्रमा. दक्षिण तटावरच्या विमलेश्वर-कठपोरकडून उत्तर तटावरच्या मिठीतलाईपर्यंत रेवासागर संगम बोटीनेच ओलांडावा लागतो. हे खंभातचं आखात. इथे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या पुढे जातो, म्हणून बोट भरतीच्या वेळेवर निघते, मग ती अपरात्र का असेना. निघायला उशीर झाला तर पाणी ओसरतं आणि बोट चिखलात टेकते. टेकलेल्या बोटीला तळातून जमीन उचलते, तेवढाच तिचा जीएम कमी होतो, आणि ती एका अंगावर जाऊ लागते. अशा वेळी सगळ्यांनी तळावर बसून राहायचं, उतरायची घाई करायची नाही.

चढण्याआधी मात्र एक गोष्ट हातात असते. सगळे बसल्यावर कड पाण्यापासून किती वर राहिली ते वाकून पाहावं. लहान होडीत ती वीतभरच उरली असेल, किंवा माणसं उभी राहिली असतील, तर उतरावं. परिक्रमेत मैया ओलांडायची नसते, पण तटावर थांबायला कुठलाच नियम आड येत नाही. त्या काठावर परिक्रमावासी बोटीसाठी एरवीही मुक्काम करतातच. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी येते.